गर्भाशयमुखाचा कर्करोग : टाळता येण्याजोग्या एका आजाराविषयी

दरवर्षी अहवालाच्या या पानांतून आम्ही एखाद्या आजाराची माहिती आपल्यासारख्या हितचिंतकांपुढे ठेवीत असतो. यंदाचा विषय ठरविताना विश्वस्त मंडळाच्या बैठकीत थोडी चर्चा झाली. आजार स्त्रियांचा, तोही ज्याचा उच्चार चारचौघांत होत नाही अशा अवयवाचा. अहवाल घरोघरी जातो, लहानथोर सर्वच तो चाळतात, तेव्हा असा विषय नको, असा एक सूर निघाला. ज्या संकोचामुळे हा विषय नको वाटतो, त्याच संकोचापायी स्त्रिया आमच्याकडे फार उशिरा पोहोचतात, हे आमच्या स्त्रीरोग विभागाने निदर्शनास आणून दिले. त्यानंतर फारसा वाद उरला नाही.

एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने, नावगाव गाळून, येथे देत आहोत. पन्नाशी उलटलेल्या या बाईंची पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. एके दिवशी अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले. पाळी परत आली असावी, उष्णता वाढली असावी, असे म्हणून त्यांनी ते अंगावर काढले. कुणाला सांगितले नाही. पुढे गौरी आल्या. दरवर्षी पहाटेपासून राबणाऱ्या सासूबाई यंदा देवघराकडे फिरकतच नाहीत, नैवेद्याला हात लावीत नाहीत, हे सुनेच्या लक्षात आले. तिने खोदून विचारले तेव्हा सात महिन्यांचे दुखणे बाहेर पडले. आम्ही तपासले तेव्हा आजार तिसऱ्या टप्प्यात पोहोचला होता. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. आमच्याकडे शेक देण्याची यंत्रसामग्री नसल्याने त्यांना शहरातील मोठ्या केंद्राकडे पाठवावे लागले. तेथे शेक आणि औषधे असे दुहेरी उपचार झाले. आज त्या घरी आहेत, तपासणीसाठी ठरल्या दिवशी येतात. पुढचे आम्ही ठामपणे सांगू शकत नाही.

त्या सुनेने आमच्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले. हे मलाही होईल का? आणि माझ्या मुलीला? मुलगी सातवीत शिकते. या लेखात जे सांगावयाचे आहे ते बहुतांशी या दोन प्रश्नांचे उत्तरच आहे.

आजार कशाने होतो

गर्भाशयाचा, म्हणजे बोलीभाषेतील पिशवीचा, जो खालचा निमुळता भाग योनिमार्गात उघडतो त्यास गर्भाशयमुख म्हणतात. येथे होणारा कर्करोग भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. दिवसाला दोनशेहून अधिक मृत्यू असा हा हिशेब पडतो.

इतर बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत ‘कशाने झाला’ या प्रश्नाला वैद्यकशास्त्रापाशी एकच एक उत्तर नसते. येथे मात्र ते आहे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूचा दीर्घकाळ टिकून राहिलेला संसर्ग हे या कर्करोगाचे जवळजवळ एकमेव कारण होय. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ या दोन वर्षांत या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. त्या संशोधनाबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हेच दोन प्रकार असतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. हे वाक्य वाचताच अनेकांच्या मनात जी शंका उभी राहते तिचे निराकरण येथेच केलेले बरे. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा भेटतोच. शुद्ध आचरणाच्या, एकनिष्ठ जोडप्यांतही तो आढळतो. त्यावरून कुणाच्या चारित्र्याविषयी काहीही अनुमान काढता येत नाही. आमच्या बाह्यरुग्ण विभागात ‘माझ्याच वाट्याला हे कसे आले’ असे दबक्या आवाजात विचारणाऱ्या भगिनींना आमच्या परिचारिका हेच सांगतात. सोबत आलेल्या नवऱ्यालाही तेच सांगावे लागते आणि कधीकधी ते अधिक गरजेचे असते.

संसर्ग झालेल्या दहापैकी सुमारे नऊ स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो ठाण मांडून राहतो त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलाचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीबाधित स्त्रियांत, म्हणजे प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असता, हाच काळ ५ ते १० वर्षांवर येतो. धूम्रपान, कोवळ्या वयातील गर्भारपण आणि अनेक बाळंतपणे यांनीही धोका वाढतो.

वाचकांनी या १५ ते २० वर्षांवर क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. इतकी सवड देणारे कर्करोग फारच थोडे. एवढ्या काळात एकदा जरी कुणी तपासून पाहिले असते तरी वर सांगितलेल्या बाईंवर शेक घेण्याची वेळ बहुधा आली नसती. या काळात दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणी तपासत नाही. शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्येच लाल जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाणे, दुर्गंधीयुक्त पाण्यासारखा स्राव होणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार बहुधा पुढे सरकलेला असतो. अशी लक्षणे दिसताच त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. तपासणीसाठी मात्र लक्षणांची वाट पाहू नये.

सुनेसाठी : तपासणी

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक विवाहित स्त्रीने, कोणतीही तक्रार नसताना, ही तपासणी करून घ्यावी. तिचे तीन प्रकार आहेत. जुना आणि सर्वपरिचित प्रकार म्हणजे पॅप तपासणी. डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावावरून तिला हे नाव पडले. गर्भाशयमुखावरील पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरा प्रकार एचपीव्ही तपासणीचा. यात पेशींऐवजी विषाणूचाच शोध घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून याच पद्धतीस अग्रक्रम देत आहे. ही तपासणी निर्दोष आली तर पुढची ५ ते १० वर्षांनी केली तरी चालते. शिवाय यासाठी लागणारा नमुना स्त्री स्वतःच, आडोशाला जाऊन, साध्या बोळ्याने घेऊ शकते. ज्या भगिनी केवळ लाजेपोटी तपासणीच्या टेबलावर चढत नाहीत त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

तिसरा प्रकार सर्वांत साधा. गर्भाशयमुखावर ॲसेटिक आम्लाचे सौम्य द्रावण, म्हणजे घरातील व्हिनेगरच्या जातीचेच द्रव्य, लावतात आणि मिनिटभर थांबतात. पेशी बिघडलेल्या असतील तर त्या जागी पांढरा चट्टा उमटतो. प्रयोगशाळा लागत नाही, वीज नसली तरी चांगली विजेरी पुरते, आणि उत्तर तिथल्या तिथे मिळते. शासनाने २०१६ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हीच तपासणी सुचविली आहे. पाळी गेल्यानंतर ज्या भागात बदल घडतात तो आत सरकतो. त्यामुळे त्या वयात ही पद्धत तितकी भरवशाची राहत नाही आणि पॅप किंवा एचपीव्ही तपासणी श्रेयस्कर ठरते.

अशा साध्या उपायांनी खरोखर जीव वाचतात काय, ही शंका देणगीदारांनी घ्यावी हे योग्यच आहे. तिचे उत्तर परदेशात शोधण्याचे कारण नाही. ते महाराष्ट्रातच मिळाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांतून १९९९ च्या सुमारास एक मोठी पाहणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचा तीत पुढाकार होता. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया तीत समाविष्ट होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत केवळ एकदाच एचपीव्ही तपासणी केली होती तेथे आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू ३४ झाले आणि ज्या गावांत तपासणी नव्हती तेथे ६४. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गावांतील स्त्रियांना तपासणीविना ठेवले यावर पुढे टीका झाली. ती अस्थानी होती असे आम्हाला वाटत नाही. परंतु त्या स्त्रियांच्या मृत्यूंनी जे शिकविले ते आपण वापरलेच नाही तर ती अधिक मोठी चूक ठरेल.

याच पाहणीत आम्लाच्या तपासणीचा एकदाच केलेला प्रयोग मृत्युसंख्येवर ठळक परिणाम दाखवू शकला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून टाटा स्मारकच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने १९९८ पासून तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली. तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. साधे साधनही पुन्हा पुन्हा, नेमाने वापरले तर काम देते, एवढा बोध आम्ही यातून घेतला.

बार्शीचा आणखी एक अनुभव आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यात मृत्यूची कारणे कागदावर येत नाहीत म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांना लक्षणे समजावून सांगत. कोणतेही यंत्र न लावता, केवळ या बोलण्याचालण्याने, काही वर्षांतच स्त्रिया आजाराच्या आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या.

इतके पुरावे हाती असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९ ते २०२१) ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांतील जेमतेम दोघींनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतल्याचे आढळले.

आम्हीही यात पूर्णतः निर्दोष आहोत असे नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही पंचक्रोशीत पॅप तपासणीची शिबिरे घेतली. गर्दी चांगली झाली, छायाचित्रे अहवालात छापली गेली. काचपट्ट्या शहरातील प्रयोगशाळेत पाठविल्या. उत्तरे यावयास तीन आठवडे लागले. तोवर ऊसतोडीचा हंगाम सुरू होऊन निम्म्या वस्त्या रिकाम्या झालेल्या. दोष आढळलेल्या काही भगिनींचा माग आम्हाला लागला, काहींचा लागलाच नाही. ज्या तपासणीनंतर उपचार होत नाही तिचा उपयोग काय, या प्रश्नाने आमच्या सामाजिक कार्यकर्त्या बराच काळ अस्वस्थ होत्या. आता आम्ही पद्धत बदलली आहे. शिबिरात आम्लाची तपासणी होते आणि चट्टा दिसून तो उपचारास योग्य असला तर त्याच बैठकीत छोट्या यंत्राने उष्णता देऊन ती जागा नष्ट केली जाते. काही मिनिटांचे काम. भूल बहुधा लागत नाही. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. शिबिराची तारीख दसऱ्यानंतर कधीही ठेवायची नाही, असा आमचा अलिखित नियम झाला आहे.

येथे थोडे विषयांतर करून एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. अंगावरून पांढरे जाते, पुढे कॅन्सर होईल, तेव्हा पिशवीच काढून टाका, असा सल्ला आपल्या भागात फार सैल हाताने दिला जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या शासकीय पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे निष्पन्न झाले. त्यांतील कित्येकी ऐन तारुण्यातल्या. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाने होते आणि औषधाने बरे होते. कर्करोगाच्या केवळ भीतीने पिशवी काढणे हा त्याचा प्रतिबंध नव्हे. तसा सल्ला मिळालेल्या भगिनींनी आधी गर्भाशयमुखाची तपासणी आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात कोणत्याही मंगळवारी यावे. केसपेपरचे शुल्क तेवढे पडेल.

नातीसाठी : लस

एचपीव्हीची लस जगात २००६ साली आणि भारतात २००८ साली आली. तीत विषाणूच्या केवळ बाह्य कवचासारखे कण असतात. आतील जनुकीय द्रव्य नसल्याने लसीमुळे संसर्ग होऊ शकत नाही. मात्र शरीर त्या कवचाला ओळखून ठेवते आणि पुढे खरा विषाणू आला असता त्यास थोपविते. झालेला संसर्ग ही लस बरा करू शकत नाही, म्हणून ती विषाणूची गाठ पडण्यापूर्वी, म्हणजे ९ ते १४ या वयात, द्यावयाची. ‘इतक्या लहान मुलीला ही लस कशाला’ असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही गोवराचा दाखला देतो. गोवराची लस गोवर येण्याच्या आधीच देतो, तसेच हे.

लसीचा प्रत्यक्ष परिणाम दिसण्यास दोन दशके लागणार होती. ती आता लोटली आहेत. स्वीडनमधील सुमारे १६ लाख ७० हजार मुली व स्त्रियांच्या नोंदींवरून २०२० साली असे दिसले, की ज्यांनी वयाच्या सतराव्या वर्षापूर्वी लस घेतली त्यांच्यात हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी झाला. स्कॉटलंडमध्ये बाराव्या तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या पहिल्या पिढीत २०२४ सालच्या अहवालापर्यंत या कर्करोगाची एकही नोंद नव्हती.

आपल्याकडे या लसीची वाटचाल सरळ झाली नाही. आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये २००९ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले आणि देशभर खळबळ उडाली. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. परंतु पालकांची संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर उणिवा आढळल्या. वसतिगृहातील मुलींसाठी पालकांऐवजी तेथील प्रमुखांच्याच सह्या घेतल्या गेल्या होत्या. २०१० साली देशातील लसीकरणाचे असे सर्व अभ्यास थांबविण्यात आले. हा इतिहास आम्ही झाकून ठेवीत नाही. आमच्या लसीकरणात आईवडिलांपैकी एकाने समक्ष येऊन, माहितीपत्रक वाचून किंवा वाचवून घेऊन सही केल्याशिवाय सुई टोचली जात नाही, ती याच कारणास्तव.

या थांबण्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. त्याच सुमारास बार्शी, पुणे, मुंबई यांसह देशातील नऊ ठिकाणी १७ हजारांहून अधिक मुलींवर दोन मात्रा पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास चालू होता. तोही अर्ध्यावर थांबला आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. डॉक्टरांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, दहा वर्षे त्यांचा मागोवा घेतला. एका मात्रेचे संरक्षणही ९५ टक्क्यांच्या घरात असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही पुरेशी मानण्यास मान्यता दिली, त्यामागे आपल्याकडील या मुलींच्या नोंदींचाही वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या पहिल्या भारतीय एचपीव्ही लसीला परवानगी मिळाली. कंपनीच्या पत्रकाप्रमाणे ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन आणि १५ ते २६ वयात तीन मात्रा द्यावयाच्या असतात. शासकीय मोहिमेत आपल्या गावी कोणत्या वयासाठी व किती मात्रा दिल्या जातात, याची चौकशी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात अवश्य करावी. तेथे मोफत मिळत असेल तर आमच्याकडे पैसे भरून घेण्याचे काहीच कारण नाही.

लसीनंतर दंड दुखणे, अंग कसकसणे, क्वचित ताप येणे हे होते. काही मुलींना सुईच्या धास्तीने घेरी येते, म्हणून अर्धा तास बसवून ठेवतो. लसीमुळे पुढे मूल होत नाही, ही अफवा आमच्या कानी वरचेवर येते. तिला कोणताही आधार नाही. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करावयाचीच आहे, कारण उरलेल्या प्रकारांच्या विषाणूंपासून लस पूर्ण संरक्षण देत नाही.

निधीविषयी

शस्त्रक्रियागृह किंवा सोनोग्राफीचे यंत्र यांवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. न झालेल्या कर्करोगावर पाटी लावण्याची सोय नाही. त्यामुळे प्रतिबंधाच्या कामाला देणगी मागताना आमचीही थोडी पंचाईत होते. तरीही यंदा विश्वस्तांनी असे ठरविले आहे की शिबिरांच्या वाहनखर्चासाठी, एचपीव्ही तपासणीच्या साहित्यासाठी आणि ज्या मुलींचे पालक लसीचा खर्च उचलू शकत नाहीत त्यांच्यासाठी एक स्वतंत्र निधी असावा. त्याचा हिशेब पुढील वर्षापासून अहवालात वेगळा दाखविला जाईल. किती भगिनींची तपासणी झाली याबरोबरच दोष आढळलेल्यांपैकी किती जणींवर उपचार पुरे झाले, हाही आकडा त्यात असेल. तो कमी भरला तर तसाच छापला जाईल.

ती सून दिवाळीपूर्वीच्या शिबिरात आली होती. तपासणीत तिला लहानसा चट्टा आढळला आणि त्याच सकाळी उपचार झाले. वर्षाने पुन्हा पाहावयाचे आहे. येताना ती गल्लीतील तिघींना घेऊन आली होती. नातीच्या लसीच्या कागदावर सही करण्यास मुलीचे वडील आले. माहितीपत्रक त्यांनी दोनदा वाचले आणि मुलाला ही लस चालते का, असे विचारले. मुलांनाही ती चालते आणि काही देशांत शाळेतच दिली जाते, एवढे आम्ही त्यांना सांगितले.